बर्फाची जाडी म्हणजे नदीचे पाणी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डोंगरात बर्फ बरा पडला की ‘यंदा नद्या दुथडी भरून वाहणार’ असे मथळे येतात. आपल्या अंकातही तशी बातमी वाचली. तीत बर्फाची जाडी सेंटीमीटरमध्ये दिली होती. एवढ्यावरून नदीचा अंदाज बांधता येत नाही. ताज्या, भुसभुशीत बर्फाच्या 100 सेंटीमीटर थरातून साधारण 10 सेंटीमीटर पाणी निघते; वसंतात दबून घट्ट झालेल्या तेवढ्याच थरातून 30 ते 40. म्हणून तर अमेरिकी प्राध्यापक जेम्स चर्च यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या नेवाडा राज्यातल्या माउंट रोझ डोंगरावर पोकळ नळी बर्फात खुपसून आतल्या बर्फाचे वजन करायला सुरुवात केली.

पण वजन कळले तरी काम संपत नाही. 2021 मध्ये अमेरिकेतल्याच कोलोरॅडो नदीच्या वरच्या खोऱ्यात बर्फातले पाणी नेहमीच्या 80 ते 90 टक्क्यांच्या घरात होते. त्याच नदीवरच्या लेक पॉवेल जलाशयात एप्रिल ते जुलैमध्ये झालेली आवक मात्र सरासरीच्या 30 टक्क्यांच्याही आत राहिली! आदल्या वर्षीचा उन्हाळा आणि शरद कोरडे गेले होते. बर्फ पडला तो तहानलेल्या जमिनीवर, आणि वितळलेल्या पाण्यातून आधी तिने आपला वाटा घेतला. काही पाणी हवेनेही ओढून नेले. मागच्या वर्षांच्या नोंदींवर बेतलेली अंदाजाची समीकरणे अशा वेळी हमखास जास्त पाणी दाखवतात, कारण त्या नोंदींत इतकी कोरडी वर्षे फारशी नसतात.

जमिनीतला ओलावा मोजणे सोपे आहे असे मी म्हणत नाही. 2015 मध्ये त्यासाठी सोडलेला नासाचा ‘स्मॅप’ उपग्रह मातीचा वरचा पाचेक सेंटीमीटर थरच पाहतो, तोही बर्फाखाली आणि दाट झाडीत नीट नाही. मुळांपर्यंतचा ओलावा टिपणारी यंत्रे डोंगरात विरळच. तरीही बर्फ पडण्याआधी जमीन ओली होती की कोरडी, एवढे बातमीत यायलाच हवे. दुसरे म्हणजे, अमेरिकेतल्या सरकारी यंत्रणा प्रवाहाचे अंदाज एका आकड्यात देत नाहीत. तेवढे किंवा त्याहून जास्त पाणी येण्याची शक्यता 90, 50, 10 टक्के असलेले आकडे वेगवेगळे देतात. बातमीत येतो तो बहुधा मधला. पेरणीचा किंवा धरणातून सोडायच्या पाण्याचा निर्णय घेणाऱ्याला 90 टक्क्यांचा, म्हणजे सर्वांत कमी पाण्याचा आकडा अधिक उपयोगी पडतो. तो पुढच्या बातमीत छापावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक