वाघबीळच्या त्या दोघा भावांचे लई आभार
पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या चढाला आमची छोटी गाडी दुसऱ्या गिअरमध्येपण ओढंना, मला वाटलं क्लच गेला, आता मोठा खर्च, तेवढ्यात बुलेटवरनं चाललेले दोघं आपणहून थांबले. थोरल्यानं बॉनेट उघडलंच नाही, चारी चाकांजवळ हात नेऊन बघितला आणि पुढच्या डाव्या चाकापाशी थांबला, रिम तापलेली, जळका वास. "क्लच घसरत असता तर आरपीएम, म्हणजे इंजिनाचे फेरे, चढला असता की, तुझा ब्रेक धरून बसलाय." चाक गार होईस्तोवर गाडी हलवू दिली नाही, थांबले पण. कोल्हापुरात उद्यमनगरच्या गॅरेजात खोलल्यावर कॅलिपरची, म्हणजे ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाची, पिन गंजून जाम निघाली, साफ करून खास ग्रीस, नवे पॅड, आता पिकअप नाद खुळा. भावांनो, नाव न सांगताच गेलासा, कुठं दिसलो तर हाक मारा, मिसळ माझ्याकडनं.