कयाकसोबत जाकीटही मापाचे हवे

महोदय,
नाताळच्या सुट्टीत मुंबईहून सहकुटुंब कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाकाठी, तापोळ्यास तंबूत मुक्काम केला. पाणी ओसरू लागले की बेटांसारख्या उघड्या पडणाऱ्या टेकड्यांमधून कयाक वल्हवणे आनंदाचेच; मात्र आमच्या मुलीला दिलेले जीवरक्षक जाकीट मोठ्यांच्या मापाचे होते आणि पट्टे आवळूनही ते कानांपर्यंत वर सरकत होते. (भाडे मात्र पूर्ण घेतले!) पाण्यात पडल्यावर असे जाकीट डोक्यावरून निसटू शकते, म्हणूनच मुलांच्या जाकिटाला मांड्यांमधून जाणारा पट्टा लागतो. जलपर्यटनास परवाना देताना संबंधित खात्याने मुलांच्या मापाची जाकिटे सक्तीची करावीत आणि वारा सुटल्यावर कयाक पाण्यात सोडण्यास मनाई करावी.

— एक पालक, दादर, मुंबई