कोपीतला धूर आणि लेकरांचा खोकला

सांगली, डिसेंबर

प्रिय सुमन,

सप्रेम नमस्कार.

ऊसतोड मजुरांच्या कोप्यांमधल्या, म्हणजे झोपड्यांमधल्या लेकरांचा खोकला नुसता थंडीचा समजू नकोस. तट्ट्या-प्लॅस्टिकच्या कोपीला दार एकच, धुराडं नाही. ऊस तोडायला निघायच्या आधी पहाटे बाई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करते. सरपण ओलं, पेटवायला उसाचं वाळलं पाचट, आणि लेकरू शेजारीच झोळीत. पीएम २.५ या सूक्ष्म कणांची वर्षाची सरासरी मर्यादा आपल्याकडं घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची ५. बंद कोपीत चूल पेटली की हाच आकडा शेकड्यांत जातो. त्यात तान्ह्याचा श्वास मोठ्यांच्या दुपटीहून जलद.

खोकणारं लेकरू दिसलं की आधी श्वास मोज. ते शांत असताना आईच्या मांडीवर, झबलं वर करून, पोटाकडं बघत, पूर्ण एक मिनिट. अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलंस तर चुकशील, कारण तान्ह्याचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४० किंवा त्याहून जास्त भरला तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात ने. दोन महिन्यांच्या आतलं असेल तर थेट मोठ्या दवाखान्यात. बरगड्यांखाली खड्डा पडतोय, अंगावर पीत नाही, झटके येतायत किंवा लेकरू गळून गेलंय, तर लगेच १०८.

ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नकोस. फार रोडावलेलं लेकरू न्यूमोनिया होऊनही तापत नाही. म्हणून सहा महिन्यांपुढच्यांचा डावा दंड मोज: हात सैल सोडलेला, पट्टी खांदा आणि कोपराच्या बरोबर मध्ये. ती आवळलीस तर माप कमी येईल. ११.५ सेंटिमीटरच्या आत म्हणजे तीव्र कुपोषण.

न्यूमोनियापासून वाचवणारी न्यूमोकोकलची लस दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी असते. बीडकडून तोडीला निघताना नेमका त्यातला एखादा डोस राहतो आणि कार्डही गावी. तरी लस इथल्या सरकारी केंद्रात फुकट मिळते, कार्ड नाही म्हणून आईला परत पाठवू देऊ नकोस.

चुलीवरून त्या बाईला बोल लावू नकोस, सुमन. गॅस जोडणीच्या उज्ज्वला योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरितांना पत्त्यासाठी स्वयंघोषणापत्र चालतं, पण सिलिंडर भरायला पैसे लागतात आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल तर आधीच खर्चलेली. आधी अंघोळीच्या पाण्याची चूल बाहेर काढायला लाव, ती जास्त वेळ धुमसते. मग तीन बाजूंनी तट्ट्या लावून स्वयंपाकाची. तोंड वाऱ्याच्या आड, आणि धूर दारात जाणार नाही अशा बाजूला. सरपण आठवडाभर आधी प्लॅस्टिकखाली रचून ठेवायचं, पेटवायला पिशव्या अजिबात नाहीत. झोळी मात्र आजच हलव.

तुझीच,
वैशाली