पाण्याच्या मीटरची जोखीम नागरिकांच्या माथी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यात समान पाणीपुरवठा योजनेत ‘एएमआर’ म्हणजे रीडिंग आपोआप पाठवणारे मीटर बसवले जात आहेत. आमच्या सोसायटीचा सचिव म्हणून टाकी, पंप आणि टँकरचा हिशेब मी काही वर्षे ठेवला आहे. मोजल्याशिवाय गळती सापडत नाही, म्हणून मीटर हवेतच, असे माझे ठाम मत आहे. पण आज घरगुती पाणीपट्टी मिळकतकरातून जाते. उद्या ती मीटरवर जाणार असेल, तर मीटर चुकल्यास भुर्दंड कोणी सोसायचा, हे पहिल्या बिलाआधी ठरायला हवे.

माझी सर्वांत मोठी काळजी हवेची आहे. पाणी येण्याआधी नळ कसा फुरफुरतो, हे आपल्याकडे घराघरात ठाऊक आहे. ठरावीक वेळेच्या पुरवठ्यात पाणी बंद झाले की जलवाहिनी रिकामी होते, तिच्यात हवा शिरते, आणि व्हॉल्व्ह उघडला की पाण्यापुढे हीच हवा मीटरमधून सुसाट जाते. चक्रावर चालणाऱ्या मीटरला हवा आणि पाणी यांतला फरक कळत नाही. चक्र फिरले की आकडा चढतो. मग वरचे डिजिटल यंत्र तोच चुकीचा आकडा बिनचूकपणे संगणकाला कळवते. कराडजवळच्या मलकापूरने मीटरसोबत चोवीस तास पाणीही दिले, म्हणून तिथली योजना नावाजली गेली. आपल्याकडे मीटर आधी आणि चोवीस तास पाणी नंतर, असे होता कामा नये.

दुसरा प्रश्न बॅटरीचा. या मीटरला विजेची जोडणी नसते. संदेश जितक्या वेळा जाईल तितकी बॅटरी लवकर संपते, आणि पावसाळ्यात मीटरचा चेंबर पाण्याने भरला की संदेशही क्षीण होतो. रीडिंग मिळाले नाही की ‘सरासरी’ बिल येते, हे विजेच्या बाबतीत सर्वांनी अनुभवले आहे. हजारो मीटरच्या बॅटऱ्या एकाच सुमारास संपल्या, तर त्या बदलण्याचा खर्च कोणाचा?

दर तासाच्या नोंदीवरून घर कधी रिकामे असते, हेही समजते. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, पण ही नोंद कोण पाहणार आणि किती दिवस ठेवणार, हे करारातच लिहिलेले असावे. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या अलिक्विपा या गावी हॅकरांनी पाणीपुरवठ्याच्या एका पंपिंग केंद्रातील नियंत्रण यंत्राचा ताबा घेतला. कर्मचाऱ्यांनी पंप हाताने चालवला, म्हणून पुरवठा टिकला. नुसते रीडिंग पाठवणाऱ्या मीटरमुळे असे होणार नाही. पण उद्या थकबाकीदाराचे पाणी दुरून बंद करणारे व्हॉल्व्ह आले, तर हा धोका थेट आपल्या नळाशी येईल.

म्हणून निदान एक वर्ष मीटरचे बिल फक्त माहितीसाठी द्यावे, वसुली जुन्याच पद्धतीने करावी. त्या वर्षात प्रत्येक भागातले काही मीटर काढून त्रयस्थ प्रयोगशाळेत तपासावेत आणि निकाल प्रभागनिहाय जाहीर करावेत. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत कोणाचीही जोडणी तोडू नये.

आपल्या वार्ताहराने एवढे प्रश्न महापालिकेला विचारून उत्तरे छापावीत, ही विनंती.

आपला,
एका गृहनिर्माण सोसायटीचा माजी सचिव, पुणे