अमेरिकेतलं ट्रॅफिक तिकीट म्हणजे आपलं ई-चलान नव्हे

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

सध्या घराघरात अमेरिकेला निघालेल्या पोरांच्या बॅगा भरणं चालू आहे. किती किलो न्यायचं, कुकर टाकायचा की नाही यावर रात्र रात्र चर्चा होतात, पण तिकडे गेल्यावर गाडी घेतली आणि पोलिसाने तिकीट फाडलं, म्हणजे वाहतुकीचा नियम मोडला म्हणून कागद हातात दिला, तर काय करायचं हे कोणीच सांगत नाही म्हणून हे पत्र. आपल्याकडे ई-चलानचं काय होतं ते सगळ्यांना माहितीय, मोबाईलवर मेसेज येतो, आपण बघू म्हणतो, असे चार-पाच साठतात, मग लोकअदालतीत सूट मिळेल म्हणून वाट बघत बसतो. हीच सवय घेऊन पोरं तिकडे जातात आणि ती अंगाशी येते, कारण तिथे बऱ्याच राज्यांत तिकीट तसंच पडू दिलं तर जज चक्क अटक वॉरंट काढतो. साध्या स्पीडिंगच्या तिकिटावर.

होतं असं की पोलीस गाडी थांबवतो, कागद देतो आणि त्यावर सही करायला सांगतो. पोरांना वाटतं सही केली की गुन्हा कबूल केला, मग काहीजण तिथेच हुज्जत घालतात. अहो, बहुतेक ठिकाणी त्या सहीचा अर्थ एवढाच असतो की अमुक तारखेला मी कोर्टात येईन नाहीतर त्याआधी विषय मिटवीन. ती तारीख चुकली की स्पीडिंग राहतं बाजूला आणि 'फेल्युअर टू अपीअर' म्हणजे कोर्टाला शब्द देऊन आला नाहीत असा वेगळाच गुन्हा उभा राहतो. कॅलिफोर्नियात तर मूळ चूक नुसत्या दंडाची असली तरी हा गैरहजेरीचा प्रकार फौजदारी गुन्हा म्हणून लावता येतो. जज मग जे अटक वॉरंट काढतो त्याला म्हणतात बेंच वॉरंट. ते घेऊन लगेच कोणी दार ठोठावायला येत नाही, तेवढा वेळ पोलिसांना कुठला, ते निवांत कॉम्प्युटरवर पडून राहतं.

माझ्या भाच्याच्या रूममेटचं हेच झालं. स्पीडिंगचं तिकीट मिळालं, सेमिस्टरची गडबड होती, बघू म्हणत राहिला, मधेच रूम बदलली, कॉलेजला नवा पत्ता दिला पण लायसन्सवर जुनाच राहिला, त्यामुळे कोर्टाची सगळी पत्रं जुन्या अपार्टमेंटच्या पेटीत जाऊन पडली. पुढे एकदा मागचा दिवा लागत नव्हता म्हणून पोलिसाने थांबवलं, लायसन्स घेऊन तो आपल्या गाडीत जाऊन बसला, परत आला तेव्हा बोलण्याचा सूरच बदललेला, खाली उतर, हात मागे घे. रात्र लॉकअपमध्ये आणि गाडी टो. दिव्याचं तिकीट वेगळं!

आणि त्यासाठी गाडीतच असायला लागतं असंही नाही. युटाहमधली स्ट्रीफ केस 2016 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गाजली, एका घरातून बाहेर पडून पायी चाललेल्या माणसाला पोलिसाने थांबवलं, तसं थांबवायला पुरेसं कारण नव्हतं हे सरकारनेही मान्य केलं, पण नाव कॉम्प्युटरवर तपासल्यावर जुनं ट्रॅफिक वॉरंट निघालं, अटक झाली, झडतीत ड्रग्ज सापडले आणि कोर्टाने तो पुरावा चालवून घेतला. म्हणजे एक विसरलेलं तिकीट पोलिसांची चूकसुद्धा झाकून टाकतं.

हे किती टोकाला जाऊ शकतं ते मिझुरीमधल्या फर्ग्युसनला दिसलं. जेमतेम 21 हजार वस्तीचं शहर, पण 2014 च्या शेवटी तिथल्या कोर्टाची 16 हजारांहून जास्त लोकांवर वॉरंट्स होती, आता त्यातले बरेच बाहेरगावचे होते हे खरं, तरी आकडा बघा. हे सगळं अमेरिकेच्या न्याय खात्याच्या मार्च 2015 च्या रिपोर्टमध्ये आहे. त्यात एका बाईची हकीकत आहे, 2007 मध्ये एकदा गाडी चुकीच्या जागी लावली, दोन तिकिटं, 151 डॉलर आणि वर फी. बाई गरीब, अधूनमधून राहायला घरही नसायचं, तारखा आणि हप्ते चुकत गेले, तर तीन वर्षांत फेल्युअर टू अपीअरचे सात गुन्हे लागले. दोनदा अटक झाली, सहा दिवस जेलमध्ये काढले, 550 डॉलर भरून झाले आणि 2014 च्या डिसेंबरमध्ये अजून 541 डॉलर बाकीच. मधे तिने 25 आणि 50 डॉलर भरायचा प्रयत्न केला तर पूर्ण भरा म्हणून कोर्टाने परत पाठवले. याला न्याय म्हणायचं की वसुली तुम्हीच सांगा, कारण दंडातून शहराचं उत्पन्न वाढवण्यावरच तिथल्या अधिकाऱ्यांचा भर होता असं तोच रिपोर्ट म्हणतो.

कायदा तसा इतका आंधळा नाहीये. 1983 च्या बेअर्डन खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की ज्याची ऐपतच नाही त्याला नुसता दंड भरला नाही म्हणून जेलमध्ये टाकता येणार नाही, आधी ऐपत तपासा. बऱ्याच कोर्टात हप्ते बांधून मिळतात, कुठे दंडाऐवजी समाजसेवा करू देतात. पण तारखेलाच जो उगवला नाही त्याची ऐपत जज कुठून तपासणार? त्यामुळे खिशात पैसे नसले तरी जायचं, किंवा निदान तारखेच्या आधी कोर्टाच्या क्लार्कला फोन करून पुढची तारीख मागायची. कॅमेऱ्याचं किंवा पार्किंगचं तिकीट बहुतेक ठिकाणी नुसत्या दंडावर भागतं, तरी फर्ग्युसनची बाई पार्किंगवरच अडकली हे लक्षात असू द्या. आणि राज्य बदललं की सुटलो असंही समजू नका, बहुतेक राज्यांचा आपसात करार आहे, एका राज्यातलं तिकीट मिटवलं नाही तर दुसऱ्या राज्यातलं लायसन्स सस्पेंड होतं.

आपल्या पोरांना आणखी एक भीती म्हणजे व्हिसा. अर्जात कधी अटक झाली होती का असा सरळ प्रश्न असतो आणि तिथे खोटं लिहिणं हे अटकेपेक्षा महाग पडतं. 2025 च्या एप्रिलमध्ये तर तिथल्या सरकारने परदेशी विद्यार्थ्यांची नावं पोलिसांच्या डेटाबेसमधून फिरवून हजारो जणांच्या विद्यार्थी म्हणून असलेल्या सरकारी नोंदी बंद केल्या होत्या, त्यात साध्या ट्रॅफिक प्रकरणातलेही होते, नंतर कोर्टकचेऱ्या झाल्यावर सरकारला मागे यावं लागलं, पण तोवर किती आईबापांची झोप उडाली असेल.

वॉरंट निघालंच असेल तर लपून बसू नये. वकील गाठून कोर्टाकडून ते मागे घेता येतं, स्वतःहून गेलेल्याला जज बहुधा बरं वागवतो. मात्र 'तुमच्यावर वॉरंट आहे, आत्ता गिफ्ट कार्डने पैसे भरा' असा फोन किंवा लिंकवाला मेसेज आला तर तो चोराचा समजा, कोर्ट असे पैसे मागत नाही, कोर्टाच्या स्वतःच्या वेबसाईटवरचा नंबर शोधून तिथेच विचारा.

राहता राहिले परदेशी शिक्षणाचे सेमिनार घेणारे कन्सल्टन्सीवाले. लोन, सिमकार्ड, इन्शुरन्स सगळं विकतात, तर त्याच हॉलमध्ये दहा मिनिटं या तिकिटावर पण बोला की, फी तर भरपूर घेताच. आणि आपल्या पेपरनेही जुलै-ऑगस्टच्या आत एखाद्या जाणकार वकिलाकडून यावर सविस्तर लेख लिहून घ्यावा ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक