चिंगीच्या रॅम्पचे पैसे परत करा

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: पलंगाला लावायचा रॅम्प परत नेऊन ४,६०० रुपये परत करणेबाबत

महोदय,

आमची चिंगी, लॅब्रॅडॉर, ११ वर्षांची, वजन ३१ किलो. मागच्या पायांचे खुबे झिजलेत, उड्या बंद. पण जन्मभर आमच्या पायाशी पलंगावर झोपलेली. तिला आता खाली झोप म्हणून कोण सांगणार? म्हणून 'वयस्कर कुत्र्यांसाठी' असलेला तुमचा रॅम्प मागवला. पलंग २४ इंच उंच आहे, हे आधी फोनवर सांगितलं होतं. "आरामात चालेल, मॅडम."

आला तो ४२ इंच लांबीचा. पलंगाला टेकवला की चढ ३५ अंशांचा होतो. पांडवलेणीला निदान पायऱ्या तरी आहेत. इथे वर गुळगुळीत सनमायका आणि खाली रबराचा तुकडासुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी चिंगी अर्ध्यावर असताना रॅम्प फरशीवरून सरकला आणि ती चारी पाय फाकून खाली आली. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब. आता भाकरीचा तुकडा ठेवला तरी त्यावर पाय ठेवत नाही.

त्याच दिवशी तुम्हाला मेल केला. उत्तर नवव्या दिवशी आलं: कुत्र्याला सवय लावा, आणि परतीची ७ दिवसांची मुदत संपली आहे. मुदत कोणामुळे संपली?

शेवटी सिडकोतल्या सुताराला बोलावलं. त्याने आधी चिंगीला चालताना पाहिलं, मग टेप काढला. १८ एमएमचा प्लाय, ७२ इंच लांब, वर काथ्या, कडेला पट्ट्या, खाली रबर. चढ २० अंशांच्या आत. कपाट सरकवावं लागलं, खोली अडली, पण चिंगी दुसऱ्या दिवशी स्वतःहून वर गेली. मला वाटतं, तुम्ही माप कुरिअरच्या खोक्याचं घेतलंत.

तुमचा रॅम्प १४ इंचांच्या बैठकीला ठीक आहे. मग तसं छापा.

१५ दिवसांत पैसे आले नाहीत तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करेन. पावती, फोटो आणि तुमचा मेल सोबत जोडला आहे.

रॅम्प खोक्यात भरून दाराशी ठेवलाय. न्यायला माणूस चारनंतर पाठवा. दुपारी चिंगी पलंगावर झोपलेली असते, आणि बेल वाजली की अजून उडी मारायला बघते.

आपली ग्राहक,
नाशिक