अर्ज तुझ्या नावाचा

मिरज,
नोव्हेंबरअखेर

चि. नीलूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू मध्येच फोन ठेवलास. मी परत केला नाही, कारण केला असता तर पुन्हा तेच बोलले असते आणि तू पुन्हा ठेवला असतास. लिहिताना निदान खोडता येतं. वर दोन ओळी खोडल्यात, त्या उजेडाला धरून वाचायच्या नाहीत.

आधीच सांगते, लग्नाचा विषय मी या पत्रात काढणार नाही. कोथरूडचं जे झालं त्यानंतर तू म्हणालीस, आता पुन्हा त्या रजिस्टरात सही नाही. ते मी तेव्हाच मान्य केलं. कुसुमवहिनींना अजून पटत नाही, पण त्यांना माझं तिखटही पटत नाही. पीटररावांबद्दल माझी काडीची तक्रार नाही. गेल्या खेपेला आले तेव्हा गच्चीवरच्या टाकीचा कॉक त्यांनी बसवून दिला, जो आपला दादा येता-जाता नुसता बघत होता. तेव्हा माणसाविषयी नाही, मी कागदाविषयी बोलतेय.

तू पाठवलेला स्पेनच्या व्हिसाचा तक्ता रेवाने मोठ्या अक्षरात छापून आणला. तो मी वहीत उतरवून घेतला, ट्रेझरीतली सवय. मला कळलं ते असं. इंग्लंड युरोपीय संघातून बाहेर पडलं, त्यामुळे तुमच्या पासपोर्टवर तिकडे १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. स्पेनमधल्या देनिया गावात कायमचं बिऱ्हाड करायचं तर हा काम न करता, स्वतःच्या पैशावर राहायचा व्हिसा. मुख्य अर्जदाराला महिन्याला २४०० युरो दाखवावे लागतात आणि त्याच्यासोबत जाणाऱ्या माणसामागे फक्त ६००. लग्न नसलं तरी एकत्र राहिल्याचे पुरावे दिले की जोडीदार या सोबतच्या रकान्यात बसतो. म्हणजे पीटररावांच्या पेन्शनवर दोघांचं मिळून ३००० मध्ये भागतं. वेगळे अर्ज केलेत तर ४८०० दाखवायला हवेत. तुम्ही पहिलं निवडलंत. हिशेबात खोट नाही, मी टेबलावर असते तर बिल पास केलं असतं.

तरी नीलू, तू ६०० युरोची शेपटी का होतेस?

लीड्सच्या फ्लॅटचे पैसे बँकेत पडून आहेत. दरमहा उत्पन्नच हवं असं नाही, वर्षाचे २८,८०० युरो खात्यावर दिसले तरी चालतात, हे तुझ्याच तक्त्यात खाली बारीक अक्षरात आहे. पुढच्या नूतनीकरणाला दोन वर्षांचे एकदम, म्हणजे ५७,६०० दाखवावे लागतील. तेही तुझे तू दाखवू शकतेस. पैसे खर्च करायचे नाहीत, नुसते दाखवायचे आहेत. तू म्हणालीस, ते अडकून राहतात, त्यापेक्षा घराला लावू. घर कुणाच्या नावावर, ते पुढे विचारते.

ट्रेझरीत माझ्या टेबलाशी एक बाई यायची. तुला आठवायची नाही, तू तेव्हा शाळेत होतीस. तिचा माणूस पाटबंधारे खात्यात चौकीदार होता, तो गेला. कित्येक वर्षं हिनेच त्याचं केलं, शेवटी तर अंथरुणातलं सगळं. पण सेवापुस्तकात नाव पहिलीचं. ती कधीची माहेरी बसलेली, तरी कायद्याने बायको तीच, म्हणून कुटुंब निवृत्तिवेतन तिला गेलं. नियमाप्रमाणे बरोबरच होतं ते. ही मात्र महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यायची. पिशवीत रेशनकार्ड, मतदार यादीचा उतारा आणि दोघांचा जत्रेतला फोटो. "बाई, ह्यात तरी काही बसतंय का बघा." मी बघायची. वाचलेलं पुन्हा वाचायची. तिला उठवायचं जिवावर यायचं. तुझे बाबा म्हणायचे, ऑफिसातली माणसं घरी आणू नकोस. मी कुठे आणत होते? वरणाला फोडणी देताना ती आपली येऊन उभी राहायची.

तू ती बाई नाहीस, मला कळतं. तुझी नोकरी झाली, तुझं पेन्शन आहे, ऑफिसरला तोंडावर प्रश्न विचारायची हिंमत आहे. रेवा तर म्हणते, "आजी, पीटरकाकांचं काही झालं तर आत्याला स्वतंत्र परवाना मागायची वाट आहे तिथल्या कायद्यात." असेल ना. पण मागायचा कधी? माणूस गेल्यावर, दिवसपाणी चालू असताना, परक्या भाषेत, खिडकीशी उभं राहून. कागद आधीपासून आपल्या नावावर असला तर मागावा लागत नाही, एवढंच मी म्हणते.

आणि माणूस जायलाच हवा असं थोडंच आहे? उद्या तुमचं पटलं नाही तर? बघ, हे मी लिहायला नको होतं. पण खोडत नाही. कोथरूडच्या वेळीही सगळे म्हणत होते, मुलगा किती चांगला.

तेव्हा तुला कशाने तारलं, आठवतंय? सहार विमानतळावर तुला सोडायला आलो होतो. सासरची माणसं एका बाजूला, आपण एका बाजूला, आणि तुझ्या बॅगेत गूळ की पुस्तकं यावर माझा आणि बाबांचा वाद. पासपोर्टवर तू माहेरचं नाव ठेवलंस म्हणून तुझ्या सासूबाई धुमसत होत्या. ते नाव बाबांनी ठेवायला लावलं होतं. म्हणाले, डिग्री ज्या नावाची, पासपोर्ट त्या नावाचा. बाकी बोलायचे नाहीत ते, पण हे बोलले. नंतर ते प्रकरण झालं तेव्हा तुझी नोकरी, तुझं खातं, तुझे कागद, कशालाच कुणाला हात लावता आला नाही. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तू एकटीच्या जिवावर उभी राहिलीस, पुढे सगळा विभाग सांभाळलास. तुझा तो कोट घातलेला फोटो बाबांनी ऑफिसच्या काचेखाली ठेवला होता, हे तुला कुणी सांगितलं नसेल. ते रिटायर झाले त्या दिवशी काच उचलून त्यांनी तेवढाच घरी आणला.

अशी माझी मुलगी, आणि आता सत्तावन्नाव्या वर्षी दुसऱ्याच्या अर्जावर दुय्यम म्हणून जाणार. मला हे गिळवत नाही. बाईपणाची गोष्ट करत नाहीये मी. पीटरराव तुझ्या अर्जावर सोबत म्हणून आले असते तरी मी त्यांना हेच लिहिलं असतं. (इंग्रजीत. रेवाकडून.)

बरं, दवाखान्याचं. बाबांना आयसीयूत नेलं तेव्हा फॉर्मवर 'रुग्णाशी नाते' असा रकाना होता. मी पत्नी लिहिलं, मला आत सोडलं, पुरावा कुणी मागितला नाही. पीटररावांच्या छातीत त्या स्टेंट घातल्यापासून मला तो रकाना दिसतो. रेवाने शोधून काढलं की स्पेनच्या २००२ च्या रुग्णहक्कांच्या कायद्यात, रुग्णाची हरकत नसेल तर नातेवाइकांबरोबर प्रत्यक्ष सोबत असणाऱ्यांनाही माहिती देतात. मला बरं वाटलं, झोपही लागली. पहाटे मनात आलं, शुद्धीवर नसेल तर परवानगी कोण देणार? मग पुन्हा रेवा. तर आपल्या उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवायची आणि बोलायला प्रतिनिधी नेमायची सोय त्याच कायद्यात आहे म्हणे. ते दोघांनी एकमेकांच्या नावाने करून ठेवा. त्यांचा मुलगा फोनवर तुझ्याशी कसा बोलतो ते मी मागच्या दिवाळीत ऐकलंय, मला इंग्रजी तेवढं येतं.

मुलावरून घराचं. दोघांच्या नावावर घेताय असं म्हणालीस. स्पेनमध्ये मुलांचा वारसाहक्क बापाला डावलता येत नाही, दोन तृतीयांश त्यांच्यासाठी धरलेलं असतं. मात्र आपल्या नागरिकत्वाच्या देशाचा कायदा लागू व्हावा असं मृत्युपत्रात स्पष्ट लिहिता येतं, २०१५ पासून युरोपात तशी तरतूद लागू आहे. तुम्ही दोघं ब्रिटिश, तेव्हा इंग्लंडचा कायदा लिहा. पण नुसतं कायद्याचं नाव लिहून भागणार नाही, तुझं नावही लिहायला लावा. मृत्युपत्र नसेल तर लग्नाविना राहणाऱ्याला इंग्लंडचा कायदासुद्धा आपोआप काही देत नाही. एकदा जाऊन सही केली असती तर यातलं अर्धं... नाही. काढणार नव्हते.

फ्रान्सचं मला पटलं होतं खरं तर. तिथे लग्न नसेल तर दोघांनी आपापला व्हिसा काढायचा, आपापले पैसे दाखवायचे, सोबत वगैरे नाही. तुम्ही म्हणालात फ्रान्स महाग, आणि पीटररावांना समुद्र हवा. पोर्तुगालला लग्नाशिवाय दोन वर्षं एकत्र राहिलेलं धरतात, ते दादाने सुचवलं. का, तर त्याच्या ऑफिसातल्या कुणा गोवेकराचा भाऊ लिस्बनला असतो. दादाची सगळी परराष्ट्रनीती अशीच आहे.

आणि मिरज? हसू नकोस. मी मनात खूप दिवस घोळवत होते. वरचा मजला रिकामाच आहे, पश्चिमेच्या खोलीला फक्त रंग हवा. मग चौकशी केली. इंग्लंडचं सरकारी पेन्शन स्पेनमध्ये दरवर्षी वाढतं, भारतात आलं की सुरुवातीच्या आकड्यावर गोठतं. तुझं सदुसष्टाव्या वर्षी सुरू होईल आणि मग तिथेच थांबेल. शिवाय तुझं ओसीआय कार्ड, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं, आहे, पण पीटररावांना ते मिळायचं तर नोंदवलेलं लग्न हवं, आणि त्यालाही दोन वर्षं झालेली हवीत. म्हणजे माझ्या स्वतःच्या घरी माझ्या मुलीचा माणूस पर्यटक म्हणूनच येणार. स्पेनवाल्यांना नावं ठेवायला मला तोंड उरलं नाही. वरचा मजला भाड्याने द्यावा म्हणते, मेडिकलच्या मुली विचारून गेल्यात.

विम्याचं तेवढं बघ. पीटररावांना पेन्शन सुरू आहे, त्यामुळे एस-१ फॉर्मवर त्यांचा दवाखान्याचा खर्च इंग्लंड उचलणार. तुला खाजगी विमा घ्यावा लागेल, तोही वरचे पैसे भरावे न लागणारा. एक वर्ष राहिलीस की महिना ६० युरो भरून तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत जाता येतं. ते जरूर कर. आणि त्या जुन्या प्रयोगशाळेसाठी घरबसल्या काम करीन म्हणत होतीस ते सोड, या व्हिसावर कॉम्प्युटरवरचं कामही चालत नाही. तुला हे सगळं माहीत आहे. तूच पाठवलंस आणि मीच तुला वाचून दाखवतेय. लागले भाषण द्यायला, रागावू नकोस. सकाळपासून लिहितेय आणि दुसरं कुणी ऐकायला नाही, रेवाची परीक्षा आहे.

एक आकडा मात्र तुझ्या तक्त्यात नव्हता, रेवाने तो सहज वाचला. पाच वर्षांनी तिथला कायम परवाना हवा असेल तर त्या पाच वर्षांत देशाबाहेर एकूण दहा महिन्यांच्या वर राहायचं नाही. म्हणजे वर्षाचे दोन महिने धर. त्यात इंग्लंडलाही जाणार, पीटररावांच्या नातवंडांकडे. उरलेल्यात मिरज. मी एक्क्याऐंशीची. मी काही मागत नाही, पण माझ्यासाठी अचानक यावं लागलं तर ते दिवस कशातून कापायचे याचा हिशेब आधी करून ठेव. नंतर तू त्या काळजीत विमानात बसू नयेस.

तब्येत ठीक. परवा बँकेत जाऊन हयातीच्या यादीवर सही करून आले. नवा मुलगा होता, म्हणाला, आजी, अंगठा लावला तरी चालेल. सही बघून गप्प बसला.

वकिलातीत अजून दिलेलं नाही ना? पोलिसांचा दाखला, त्यावर अपोस्टिल म्हणजे परदेशात चालणारा शिक्का, मग स्पॅनिश भाषांतर, याला वेळ लागेल म्हणाली होतीस. त्याला लागणारच आहे तेवढ्या वेळात तुझ्या खात्याचे उतारेही काढून ठेव. पीटररावांना हे पत्र वाचून दाखव, त्यांच्या मुलाचं सोडून. ते हिशेबी आहेत, मला वाटतं ते माझ्या बाजूने होतील. तू त्यांना विचारलंयस तरी का?

शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट दादाच्या मित्राबरोबर पाठवलंय, मँचेस्टरला घेऊन येईल.

तुझी,
आई

ता. क. फी माणशी वेगळीच पडते असं रेवा म्हणते. तुझी मी भरणार. महागाई भत्त्याच्या फरकाचे पैसे आलेत, नाहीतरी पडूनच आहेत. पावती तेवढी तुझ्या नावाची घे, मुख्य अर्जदार म्हणून.